रूळ जिथे संपतात

परवा पुण्याला भाच्याकडे जाणं झालं. रविवारी तो मला मोठ्या हौसेने मेट्रो दाखवायला घेऊन गेला. जिल्हा न्यायालयाचं स्टेशन. सरकत्या जिन्याने उतरतोय, उतरतोय, पुन्हा दुसरा जिना, पुन्हा उतरतोय, आणि तळ काही येत नाही! जमिनीखाली सुमारे ३३ मीटर. आपल्याकडची दहा मजली इमारत उलटी करून पुरावी एवढं खोल. आणि गंमत म्हणजे दुसरी लाईन याच जागी डोक्यावरून, उंच खांबांवरून जाते. खाली एक गाडी, वर एक गाडी, मधे जिने आणि माणसं. भिंतीवर स्टेशनचा भलामोठा आराखडा लावलेला आणि त्यात एक ठळक ठिपका, 'तुम्ही इथे आहात'.

भाचा म्हणाला, "मामा, दोन लाईन जिथे भेटतात ना, ते स्टेशन खरं. बाकीची नुसती थांबे." आणि मग खट्याळपणे, "तुमच्या धुळ्याला असलं काही आहे का हो?"

मी म्हटलं, "बाबा रे, आमच्याकडे रूळ जमिनीवरसुद्धा पुढे जात नाहीत, तू भुयाराचं काय विचारतोस!"

तो हसला, मीही हसलो. पण घरी आल्यावर त्याचं ते वाक्य काही डोक्यातून जाईना. दोन लाईन जिथे भेटतात ते स्टेशन खरं. माझं वडिलांकडचं गाव धुळे, आजोळ जळगाव. एक रूळ संपतात ते गाव, दुसरं रूळ भेटतात ते गाव. माझं सगळं लहानपण या दोन स्टेशनांच्या मधे गेलं. तेव्हा म्हटलं, या दोन स्टेशनांचा आराखडा आपणच एकदा मांडून बघावा. खान्देशच्या बाहेरच्या मंडळींना तो माहीत नसतो, आणि आमच्या घरच्या मंडळींना इतका माहीत आहे की त्याकडे कुणी कधी बघतच नाही.

तर मंडळी, एक कोरा कागद घ्या. खालच्या डाव्या कोपऱ्यातून उजवीकडे वर चढत जाणारी एक रेघ काढा. त्यावर क्रमाने लिहा, मनमाड, नांदगाव, चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ. ही मुंबईहून येणारी मुख्य लाईन. आता कागदाच्या वरच्या अंगाने, डावीकडून येणारी दुसरी रेघ काढा. सुरत, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणा, अमळनेर, धरणगाव, आणि पुन्हा जळगाव. झालं? आता लांबून बघा. उघडलेला चिमटा दिसतो की नाही? चिमट्याची दोन पाती जळगावला जोडलेली आणि पश्चिमेकडे फाकलेली. आणि त्या दोन पात्यांच्या बरोबर मधोमध, कुठल्याच पात्याला न लागलेलं जे गाव, ते आमचं धुळे. चाळीसगावहून वर एक बारीकशी काडी काढा, ५६ किलोमीटरची. ती धुळ्याला पोचते आणि तिथेच थांबते.

एवढाच आराखडा. पण यात दीडशे वर्षांची गोष्ट आहे.

सुरुवात धुळ्याची बरी झाली होती हो! १८१८ साली पेशवाई बुडाली आणि खान्देश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा इथला पहिला मोठा साहेब. त्याने जिल्ह्याचं ठाणं म्हणून धुळे निवडलं. कारण साधं होतं. धुळे खान्देशच्या मध्यावर होतं आणि दक्षिणेकडून हिंदुस्थानात जाणाऱ्या हमरस्त्यावर होतं. आपण आज ज्याला आग्रा रोड म्हणतो तोच. त्या काळचा प्रवास म्हणजे घोडा, बैल, उंट आणि पाय. त्या हिशेबाने ब्रिग्जची निवड अगदी बरोबर होती. पांझरेच्या काठी पेठ वसली, सरळ समांतर गल्ल्या आखल्या गेल्या. आजही धुळ्यात पत्ता सांगताना गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच असाच सांगतात. बाहेरगावच्या माणसाला वाटतं काय रुक्ष गाव आहे, गल्ल्यांना नावंसुद्धा नाहीत. पण अंधारात चुकायची सोय नाही, हा केवढा फायदा!

मग आली आगगाडी. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे गाडी धावली हे शाळेत आपण सगळ्यांनीच पाठ केलंय. पण त्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला, म्हणजे आपल्या जीआयपीला, ठाण्याला जाऊन काही करायचं नव्हतं. तिला जायचं होतं कापसाकडे. वऱ्हाड आणि खान्देशचा कापूस मुंबईच्या बंदरात आणि तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांत पोचवायचा होता. शिवाय जबलपूरला जाऊन कलकत्त्याकडून येणाऱ्या लाईनला भेटायचं होतं. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच खान्देशात रूळ पडले. १८६५ मध्ये थळ घाट, म्हणजे आपला कसारा घाट, रेल्वेला खुला झाला आणि मुंबई थेट जोडली गेली. १८६७ मध्ये नागपूर, १८७० मध्ये जबलपूर. या सगळ्या मांडणीत लाईन चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ अशी गेली. जिल्ह्याचं ठाणं असलेलं धुळे बाजूला राहिलं.

त्या वेळी जळगाव काय होतं? तालुक्याला नावसुद्धा जळगावचं नव्हतं. तालुका नशिराबाद. एरंडोल, पारोळा, नशिराबाद ही जुनी, नावाजलेली गावं. पण स्टेशन मिळालं जळगावला, आणि वेळही अशी साधली की विचारू नका. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडकला, आणि मँचेस्टरला हिंदुस्थानचा कापूस सोन्याच्या भावाने घ्यावा लागला. जळगाव बघता बघता कापसाची मोठी पेठ झाली. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, आणि पेठेतले कित्येक जण धुळीला मिळाले. पण स्टेशन कुठे जाणार होतं? ते राहिलं. १८७० च्या दशकात स्टेशनजवळच खान्देश मिल उभी राहिली. म्हणजे कापूस बाहेर जायच्या ऐवजी इथेच त्याचं सूत आणि कापड व्हायला लागलं. भुसावळचं तर काय सांगावं, खेड्याचं रेल्वेचं शहरच झालं.

आणि धुळे? कचेऱ्या, कोर्ट, साहेब, वकील, अशील सगळं धुळ्याला, पण गाडी पकडायची तर आधी रस्त्याने चाळीसगाव गाठायचं. जवळजवळ चाळीस वर्षं हे असं चाललं. (आमचे आप्पा म्हणजे आजोबा गमतीने म्हणायचे, चाळीसगावहून धुळ्याला यायला रेल्वेला चाळीस वर्षं लागली, म्हणून गावाचं नाव चाळीसगाव!)

शेवटी १९०० साली चाळीसगाव-धुळे फाटा सुरू झाला. धुळ्यात केवढा आनंद झाला असेल! पण जरा थांबा. त्याच सुमाराला तिकडे वरच्या अंगाने सुरतेकडून ताप्ती व्हॅली रेल्वे येत होती. किलिक निक्सन या मुंबईच्या पेढीने उभी केलेली. तापीचं खोरं धरून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत तो मार्ग १९०० मध्येच जळगावला येऊन मुख्य लाईनला मिळाला. म्हणजे एकाच वर्षी एका गावाला शेवटचं स्टेशन मिळालं आणि दुसऱ्याला जंक्शन. चिमट्याचा सांधा जळगावला बसला आणि वरचं पातं नरडाण्यावरून, धुळ्याच्या डोक्यावरून निघून गेलं.

पुढे १९०६ मध्ये खान्देश जिल्ह्याचे दोन भाग झाले. पश्चिम खान्देशचं ठाणं धुळे, पूर्व खान्देशचं जळगाव. ज्याच्या नावाचा तालुकाही नव्हता ते गाव चाळीस-पंचेचाळीस वर्षांत जिल्ह्याचं गाव झालं. रेल्वेमुळेच झालं असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही, एवढा मोठा जिल्हा कधी ना कधी तुटणारच होता. पण वाटणी करताना दुसरं ठाणं कुठे ठेवायचं हा प्रश्न आला असेल तेव्हा साहेबाच्या समोर टेबलावर रेल्वेचा नकाशा नक्कीच पसरलेला असणार.

असो. इतिहास झाला, आता आराखडा. भाच्याच्या मेट्रोसारखा भिंतीवर लावलेला नाही, माझ्या डोक्यातला.

जळगाव स्टेशनचं तोंड गावाकडे आहे. बाहेर पडलं की रिक्षावाल्यांचा गलका, पुढे नेहरू चौक, मग टॉवर चौक, आणि तिथून गाव चारी बाजूंनी उघडतं. आजोळच्या घरी चालत जाताना वाटेत खान्देश मिल लागायची. लहानपणी मिलचा भोंगा झाला की मोठी आई, म्हणजे माझी आजी, घड्याळ न बघता कणीक भिजवायला घ्यायची. आता मिल गेली, तिथे मोठं व्यापारी संकुल उभं आहे. पाठीमागच्या बाजूला रुळांपलीकडे शिवाजीनगर. रूळ गावं जोडतात असं आपण म्हणतो, पण ज्या गावातून ते जातात त्याचे दोन तुकडेही करतात, हे जळगावला गेल्याशिवाय कळत नाही. शिवाजीनगरहून गावात यायचं तर पूल ओलांडायचा. काही वर्षांपूर्वी इंग्रजांच्या काळचा जुना पूल पाडला आणि नवा होईपर्यंत पलीकडच्या लोकांचे जे हाल झाले ते मामेभावाने फोनवर रोज ऐकवले. भुयारी म्हणावं असं जळगावात काही असेल तर तो रुळांखालचा बजरंग बोगदा. पावसाळ्यात त्यात पाणी भरलं की निम्मं जळगाव उरलेल्या निम्म्या जळगावकडे बघत उभं. भाच्याला हे भुयार दाखवायला हवं. :-)

जळगावचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे तिथे दोन रेल्वे भेटतात. आधी जीआयपी आणि ताप्ती व्हॅली, आणि ५ नोव्हेंबर १९५१ ला दोन्ही बाजूंची नावं बदलल्यापासून मध्य आणि पश्चिम. लहानपणी मला फलाटावर उभं राहून भाषा ऐकायचा नाद होता. सुरतेच्या गाडीतून उतरणारी गुजराती, भुसावळकडून येणारी वऱ्हाडी आणि हिंदी, मधेच आपली अहिराणी, "कथा चालना रे भाऊ?" जंक्शन म्हणजे रुळांचं नव्हे, बोलींचं.

पण जळगावला गाडी थांबते ती दोन-चार मिनिटं. ती लांबून आलेली असते आणि तिला लांब जायचं असतं. तुम्ही तिच्या वाटेवरचं एक गाव. धावा, चढा, जागा मिळाली तर ठीक.

धुळ्याचं उलटं. गाडी तुमची वाट बघत उभी असते. तिला पुढे जायचंच नसतं. आप्पांबरोबर मी तासभर आधी जाऊन खिडकी धरायचो. आणि त्या तासाभरात माझं आवडतं काम म्हणजे इंजिन बघणं. चाळीसगावहून गाडी आली की इंजिन डब्यांच्या पुढे अडकलेलं. पुढे रूळ नाहीत. मग ते सुटायचं, फुसफुसत बाजूच्या रुळावर जायचं, सगळ्या डब्यांना वळसा घालून मागे यायचं आणि शेपटाला लागायचं. मघाचं शेपूट आता तोंड. मला ते फार आवडायचं. पुढे रस्ता संपला तर मागे वळून नव्याने निघायचं, एवढी साधी गोष्ट.

एकदा मी आप्पांना विचारलं होतं, "मुंबईलाही रूळ संपतात ना? मग तिथे इतक्या गाड्या कशा?" आप्पा म्हणाले, "मुंबईला रूळ संपतात कारण पुढे समुद्र आहे. समुद्रात जहाजं आहेत. आपल्या इथे रूळ संपतात कारण पुढे रूळ घातले नाहीत." यात काय ते सगळं आलं. स्टेशन शेवटचं असणं वाईट नसतं. त्याच्या पुढे काय आहे यावर सगळं असतं.

धुळ्याने आपली सोय रस्त्यावर करून घेतली, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूरकडून येणारा, असे तीन राष्ट्रीय महामार्ग धुळ्याला भेटतात. म्हणजे आम्हीही जंक्शनच, फक्त चाकं रबराची. रात्री दोन वाजता आग्रा रोडवरच्या ढाब्यावर शेवभाजी आणि भाकरी मिळेल. ब्रिग्जने बैलांच्या हिशेबाने केलेली निवड ट्रकांच्या हिशेबाने पुन्हा बरोबर ठरली. चुकली ती मधल्या शंभर वर्षांपुरती.

आता या आराखड्यातलं तिसरं स्टेशन. चाळीसगाव.

धुळ्याहून निघालेली गाडी मोहाडी, बोरविहीर, शिरूड, मोरदड तांडा, राजमाने, जामदा, भोरस करत, वाटेत गिरणा ओलांडत चाळीसगावला येते. तिथे उतरायचं आणि बसायचं. पुढची गाडी येईपर्यंत. धुळेकराच्या आयुष्यातले किती तास चाळीसगावच्या फलाटावर गेले याचा हिशेब कुणी केलेला नाही. मुंबईला जाणारा धुळ्याचा डबा असायचा, तो इथे तुटायचा आणि मुंबईच्या गाडीला जोडला जायचा. डब्यातच बसून राहायचं, मग मधेच जोराचा धक्का बसायचा आणि झोपलेलं मूल रडायला लागायचं. समजायचं, जोडलो गेलो.

याच फाट्यावर आणि याच स्टेशनाबाहेर १९२९ साली एक गोष्ट घडली, ती सांगितल्याशिवाय हा आराखडा पुरा होत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई सरकारने नेमलेल्या एका समितीच्या कामासाठी खान्देशात आले होते. अस्पृश्यांवरच्या जुलमाची चौकशी हे समितीचं काम. परतताना ते चाळीसगावहून धुळ्याच्या गाडीने याच फाट्यावरच्या एका गावी गेले. तिथे अस्पृश्यांवर बहिष्कार घातला गेला होता, त्याची माहिती घेतली आणि पुढच्या गाडीने चाळीसगावला परतले. तिथल्या मंडळींनी रात्री मुक्कामाचा आग्रह केला होता. वस्ती स्टेशनपासून दोनेक मैल, वाटेत नदीवरचा लहान पूल. स्टेशनवर टांगे होते. पण एकही टांगेवाला अस्पृश्य उतारूला न्यायला तयार होईना. शेवटी तोड निघाली की टांगा भाड्याने द्यायचा, पण हाकायचा मात्र वस्तीतल्याच कुणीतरी. ज्याने लगाम धरला त्याने आधी कधी टांगा हाकला नव्हता. पुलावर चाक दगडाला अडकलं, बाबासाहेब फरसबंदीवर फेकले गेले, पाय मोडला, आणि घोडा टांग्यासकट नदीत. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझं वय तीसच्या पुढे होतं. त्या स्टेशनवर मी शेकडो वेळा चहा प्यायलो होतो, टांग्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या रिक्षांत बसलो होतो, आणि मला हे माहीत नव्हतं. इंग्लंडमध्ये शिकलेला बॅरिस्टर, तिकीट काढून गाडीत बसलेला. गाडीत त्याची जागा त्याची. पण फाटकाबाहेर पाऊल टाकलं की पुढची वाट कुणाची, हे टांगेवाला ठरवणार. स्टेशनच्या आराखड्यात फलाट दाखवतात, पूल दाखवतात, तिकीट खिडकी दाखवतात. फाटकाबाहेरची ही रेघ कुठल्याच नकाशात दाखवत नाहीत. रूळ संपतात त्याच्याही पुढे असतो तो प्रवास.

आणि एक गोष्ट आमच्या घरची. मामांकडची मंडळी हे वाचतील म्हणून दहा वेळा विचार केला, पण लिहितोच.

१९७७ चा श्रावण. मी नऊ वर्षांचा. दुपारी धुळ्याला तार आली, मोठी आई अत्यवस्थ, निघा. पावसाची झड लागलेली, नद्यांना पूर, पारोळ्याकडच्या रस्त्याचा भरवसा नव्हता. म्हणून आई मला घेऊन संध्याकाळच्या गाडीने निघाली. वडील आप्पांच्या आजारपणामुळे मागे राहिले. चाळीसगावला उतरलो तेव्हा रात्र झाली होती. जळगावकडे जाणारी, चाळीसगावला थांबणारी गाडी गेलेली होती आणि पुढची पहाटे होती. चूक कुणाचीच नव्हती. गाड्या आपापल्या वेळेवरच होत्या.

आम्ही ट्रंकेवर बसलो. पत्र्यावर पाऊस वाजत होता. रात्रभर गाड्या जात होत्या. लांबून उजेड दिसायचा, फलाट थरथरायला लागायचा, आई उभी राहायची. आणि गाडी धडधडत निघून जायची, जळगावच्या दिशेने. नव्वद किलोमीटर. तिला दीड तास लागणार. आई पुन्हा बसायची. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी ती उठली नाही.

सकाळी जळगावला पोचलो. नेहरू चौकापर्यंत आलो तेव्हाच मामा समोरून येताना दिसले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून आईला कळलं. मोठी आई पहाटे गेली होती. आई रडली नाही. मामांना एवढंच म्हणाली, "दादा, मी तिथंच होते रे. निम्म्या वाटेत बसले होते."

त्यानंतर आईने चाळीसगावच्या फलाटावर कधी चहा घेतला नाही. आम्ही प्यायचो, ती नाही म्हणायची. कारण तिने कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पुढे पुढे ती जळगावला एसटीनेच जायला लागली, फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल करत. बस लागायची तिला, उलट्या व्हायच्या, तरी बसनेच.

माझ्या मते स्टेशनचा इतिहास म्हणजे हाच असतो. कंपनीच्या एखाद्या साहेबाने नकाशावर रेघ ओढली कापसासाठी. त्याच्या डोळ्यांसमोर गासड्या होत्या, मँचेस्टर होतं, जबलपूर होतं. धुळ्याची सासुरवाशीण आणि जळगावचं तिचं माहेर त्याच्या हिशेबात कुठून असणार! पण शंभर वर्षांनी त्या रेघेने ठरवलं की कोण वेळेवर पोचणार आणि कोण निम्म्या वाटेत बसून राहणार.

हे सगळं लिहिलं म्हणून रडगाणं समजू नका. काडी आता हलायला लागली आहे. चाळीसगाव-धुळे मार्गावर वीज आली, डिसेंबर २०२१ पासून विजेवरची मेमू धावायला लागली. तिला दोन्हीकडे तोंड. माझं ते वळसा घालणारं इंजिन त्यामुळे गेलं, पण वेळ वाचला. २०२३ मध्ये धुळ्याहून मुंबईला थेट एक्स्प्रेस सुरू झाली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे फाट्यावरच्या बोरविहीरपासून वर नरडाण्यापर्यंत सुमारे पन्नास किलोमीटरची नवी लाईन. तिचं भूमिपूजन फेब्रुवारी २०१९ मध्ये धुळ्यात पंतप्रधानांच्या हस्ते झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी दिली, तोही धुळे जिल्ह्यातूनच जाणार. आप्पा म्हणाले होते ना, पुढे रूळ घातले नाहीत म्हणून संपतात? ते आता घालायचं ठरलं आहे.

कागदावर पुन्हा बघा. बोरविहीर ते नरडाणा एक रेघ ओढली की चिमट्याची दोन्ही पाती धुळ्यापाशी जोडली जातात. सव्वाशे वर्षं मधे लोंबकळलेलं गाव दोन लाईनच्या मधला दुवा होतं. भाच्याच्या भाषेत, खरं स्टेशन.

पुण्याहून आल्यावर हा कागद आईला दाखवला. ती आता ८४ वर्षांची आहे, दिसायला कमी दिसतं, म्हणून तिचं बोट धरून रेघांवरून फिरवलं. हे चाळीसगाव, हे धुळे, हे नरडाणा, हे अमळनेर, हे जळगाव. म्हटलं, "आई, ही लाईन झाली की धुळ्याहून नरडाण्यावरून जळगावला जाता येईल. चाळीसगाव लागणारच नाही."

तिने बोट पुन्हा एकदा स्वतःच फिरवलं. जळगावपर्यंत नेलं. मग विचारलं, "रात्रीची गाडी राहील का रे?"

म्हटलं, "राहील की."

"मग बरं," ती म्हणाली. आणि कागदाची नीट घडी करून आपल्या पोथीत ठेवून दिली.

तूर्तास इतकंच. मामांकडच्या मंडळींना काही वेगळं आठवत असेल तर फोन करा. आईशीही बोलणं होईल.